चौदावी आर्मी : दोन वर्षं जगलेली दहा लाखांची फौज

तोफखाना

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपान्यांकडून परत घेतला तो ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीने. ब्रिटिशांच्या म्हणजे कागदोपत्री. माणसं बहुतांश आपलीच : पंजाबी, गुरखे, मराठे, मद्रासी, गढवाली, जाट, बलुच. जोडीला इंग्लंड-स्कॉटलंडच्या पलटणी आणि पूर्व व पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या डिव्हिजन. मागची वाहतूक, इस्पितळं, रस्ते बांधणारे सगळे धरले तर १९४४ च्या अखेरीस आकडा दहा लाखांच्या घरात जातो. या युद्धात एका सेनापतीच्या हाताखाली इतकी मोठी आणि इतक्या भाषा बोलणारी फौज क्वचितच होती. आज तिचं नाव घेतलं तर दहातल्या नऊ जणांना काही आठवत नाही.

फील्ड आर्मी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण गल्लत तिथेच होते. बटालियन, ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर आणि त्याच्या वर आर्मी, अशी ही चढण. यातली रेजिमेंट तेवढी कायमची. तिचं केंद्र असतं, मेस असते, झेंडे असतात, पिढ्यान् पिढ्या त्याच गावांतली पोरं भरती होतात. आर्मीचं तसं नाही. एक मुख्यालय, त्याला त्या वेळेपुरते जोडलेले दोन-तीन कोअर, सिग्नल, रसद, इंजिनियर. लग्नाच्या मांडवासारखा प्रकार : कार्य आटोपलं की बांबू एकीकडे, सतरंज्या दुसरीकडे, ज्याचं सामान त्याच्याकडे परत. माझं म्हणणं एवढंच, की चौदाव्या आर्मीला लोक विसरले त्याचं मोठं कारण हे आहे. राजकारण, युरोपकडे लागलेलं लक्ष, ही कारणंही खरी. पण तिची आठवण सांभाळणारं घरच कुठे उरलं नाही.

आता थोडा घटनाक्रम. १९४२ च्या मे महिन्यापर्यंत ब्रह्मदेश गेला. बर्मा कोअर नावाची अशीच एक तात्पुरती रचना मार्चमध्ये उभी केली होती, ती हजारभर मैल मागे सरकत, रोगराईत निम्मीशिम्मी होऊन मणिपुरात पोचली आणि तिथेच मोडली. तिचा सेनापती विल्यम स्लिम. बर्मिंगहॅमच्या साध्या घरातला, नोकरी बहुतेक गुरख्यांच्या पलटणीत, गुरखाली आणि उर्दू बोलणारा. त्यानंतर १९४२-४३ च्या हिवाळ्यात आराकानमध्ये, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीवर, चढाई केली, तीही फसली. जपानी सैनिक जंगलातला राक्षस आहे, त्याला हरवता येत नाही, अशी भीती फौजेत बसली होती.

१९४३ च्या उत्तरार्धात माउंटबॅटनच्या हाताखाली आग्नेय आशियाची नवी कमांड निघाली. जुन्या ईस्टर्न आर्मीचे दोन भाग केले. देशांतर्गत बंदोबस्त एकीकडे आणि लढणारा भाग म्हणजे चौदावी आर्मी, सेनापती स्लिम. मुख्यालय लवकरच कोमिल्लाला गेलं, म्हणजे आजच्या बांगलादेशात. फौजेचं चिन्ह म्हणजे तलवार असलेली ढाल. त्या तलवारीचं टोक खाली आहे. चिन्हांच्या रिवाजात ते वर हवं, पण स्लिमचं म्हणणं असं की आपल्याला ब्रह्मदेश उत्तरेकडून दक्षिणेकडे, वरून खालीच जिंकायचाय.

१९४४ च्या फेब्रुवारीत जपान्यांनी आराकानमध्ये सातव्या डिव्हिजनला मागून वेढा घातला. आधीच्या दोन वर्षांत असं झालं की फौज मागे पळायची. या वेळी हुकूम होता : जागा सोडायची नाही, रसद आकाशातून येईल. सिंझवेयाला भाताच्या खाचरांत ट्रक, दारूगोळा आणि इस्पितळ दाटीवाटीने बसलेलं, भोवती टेकड्या. त्या तळावर कारकून आणि खेचरवाले बंदुका घेऊन लढले. जपानी इस्पितळात घुसले, डॉक्टर आणि जखमी मारले. तरीही तळ टिकला आणि जपान्यांची शिधा संपली. एवढ्या मोठ्या लढाईत त्यांना परतवून लावल्याची या आघाडीवरची ही पहिलीच वेळ.

मग मार्चमध्ये खरा घाव आला. जपानी सेनापती मुतागुचीच्या पंधराव्या आर्मीच्या तीन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून इंफाळ आणि कोहिमावर चालून आल्या, सुमारे ८५,००० माणसं. आराकानात लढत असलेली पाचवी भारतीय डिव्हिजन उचलून विमानांनी इंफाळ-दिमापूरला आणली. माणसं, तोफा, खेचरं, सगळं. एका आघाडीवर गुंतलेली अख्खी डिव्हिजन विमानाने दुसऱ्या आघाडीवर नेण्याचा प्रकार तोवर झाला नव्हता. त्यासाठी लागणारी विमानं चीनला रसद नेणाऱ्या अमेरिकनांकडून माउंटबॅटनने मागून घेतली, वॉशिंग्टनचा होकार पूर्ण यायच्या आत. हा माणूस मला एरवी फारसा पटत नाही, पण इथे त्याने जबाबदारी अंगावर घेतली हे मान्य करायला हवं.

कोहिमाला जेमतेम अडीच हजारांची शिबंदी, त्यातही बरेच बिनलढाऊ. समोर सातोची ३१ वी डिव्हिजन. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट मधे आणि दोन्ही बाजूंना खंदक, हातबॉम्ब इकडून तिकडे. १८ एप्रिलला मदत पोचली, लढाई मात्र जूनपर्यंत चालली. २२ जूनला इंफाळ-कोहिमा रस्ता १०९ व्या मैलाच्या दगडाशी खुला झाला. सातोने वरिष्ठांचा हुकूम धुडकावून डिव्हिजन मागे घेतली, कारण खायला काही उरलं नव्हतं. परतीच्या वाटेवर पावसात जपानी फौज उपाशी मेली. ३०,००० च्या वर मृत्यू, त्यातले बरेच भूक आणि रोगराईने. जपानी सैन्याचा जमिनीवरचा एवढा मोठा पराभव तोवर झाला नव्हता.

१९४५ चं सांगायचं तर अख्खा धागा होईल. थोडक्यात : स्लिमने मंडालेवर उत्तरेकडून दणदणाट केला आणि चौथा कोअर गुपचूप दक्षिणेकडे वळवून इरावती ओलांडून मेइक्टिलावर घातला. तामूला त्या कोअरचं खोटं मुख्यालय ठेवलं होतं, ते खोटे वायरलेस संदेश सोडत बसलं. ३ मार्चला मेइक्टिला पडलं, २० मार्चला मंडालेचा किल्ला. जपानी आघाडीचा कणाच मोडला. मग पावसाशी शर्यत लावून रंगूनकडे धाव. शेवटी रंगूनमध्ये आधी पोचले ते समुद्रातून उतरलेले लोक, ३ मेच्या सुमारास. जपानी त्याआधीच निघून गेले होते. तुरुंगातल्या युद्धकैद्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत तसं लिहूनही ठेवलं होतं, विमानातून दिसावं म्हणून. चौदाव्या आर्मीच्या रणगाड्यांना शेवटचा टप्पा चिखलात काढावा लागला.

२८ मे १९४५ ला रंगूनमध्ये बारावी आर्मी म्हणून नवीन मुख्यालय उभं राहिलं आणि ब्रह्मदेशातल्या तुकड्या तिच्याकडे गेल्या. चौदावीचं मुख्यालय भारतात परतलं, मलायाच्या चढाईची तयारी करायला. तोवर जपानने शरणागती पत्करली. सप्टेंबरमध्ये मलायात मोरीबच्या किनाऱ्यावर चौदाव्या आर्मीच्या तुकड्या उतरल्या तेव्हा गाड्या वाळूखालच्या चिखलात रुतून बसल्या. समोर कोणी लढायला असतं तर काय झालं असतं, विचार नको. नोव्हेंबरमध्ये हे मुख्यालय मलाया कमांडमध्ये विरघळलं आणि चौदावी आर्मी संपली.

---

मीरा_प

छान. वाचनखूण साठवली. शाळकरी शंका : ही चौदावी, तर मग आधीच्या तेरा कुठे होत्या?

---

तोफखाना

सगळ्या नव्हत्याच. आठवी उत्तर आफ्रिका आणि इटलीत, नववी सीरिया-पॅलेस्टाइनकडे, दहावी इराक-इराणात. मधले काही आकडे कधी खऱ्या फौजेला लागलेच नाहीत. शत्रूच्या हेरांना मोजदाद जड जावी असाही फायदा त्यात असतोच.

---

लाल डब्बा

माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले. ते याच फौजेत होते ना? आणि नामदेव जाधव?

---

तोफखाना

नाही, दोघेही इटलीत. घाडगे ३/५ मराठा (म्हणजे ५ व्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण), जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. नामदेव जाधव १/५ मराठा, एप्रिल १९४५, सेनिओ नदी. म्हणजे आठव्या आर्मीच्या आघाडीवर. एकाच रेजिमेंटच्या पलटणी एकाच वेळी इटलीत आणि मणिपुरात, हे तेव्हा नेहमीचं होतं. रेजिमेंट एकत्र लढत नाही. पलटणी सुट्या सुट्या ब्रिगेडांत वाटलेल्या असतात.

---

सीमाभाग

मणिपुरातल्या मराठ्यांचं मी सांगतो, बेळगावात राहून एवढं तरी यायला हवं. ४/५ मराठा ही पलटण २३ व्या डिव्हिजनमधली. मार्च १९४४ मध्ये ती संगशाकला ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली आली. संगशाक म्हणजे इंफाळच्या ईशान्येला उखरुलच्या वाटेवरचं तांगखुल नागांचं गाव, टेकडीवर चर्च.

त्या टेकडीवर जे होतं ते ऐका. काटेरी तार नाही. तीन फूट खणलं की खडक, म्हणजे खंदकात नीट उभंही राहता येत नाही. पाणी टेकडीवर नाहीच, जपानी खाली बसल्यावर तेही तुटलं. खेचरं गोळीबारात मेली आणि त्यांची मढी तिथेच सडायला लागली, कारण पुरायला जागा नाही. विमानं पॅराशूटने पाणी आणि दारूगोळा टाकायची, त्यातलं बरंचसं टेकडीच्या कडेवरून घसरून जपान्यांच्या हाती. एक डाकोटा तेवढं अगदी खाली येऊन नेमकं टाकायचं, लोक त्याचीच वाट बघायचे.

बावीस तारखेपासून सव्वीस मार्चच्या रात्रीपर्यंत हे चाललं. शेवटच्या दिवशी चर्चजवळचा भाग जपान्यांनी घेतला, मग आपल्यांनी परत घेतला, मग पुन्हा गेला. संध्याकाळी वायरलेसवर हुकूम आला की बाहेर पडा. रात्री काळोखात, जखमींना घेऊन, वाट नसलेल्या डोंगरातून माणसं इंफाळकडे निघाली. ब्रिगेडचे शेकडो गेले.

त्या पाच-सहा दिवसांत जपान्यांची ५८ वी रेजिमेंट तिथे अडकली, ती सरळ कोहिमाला जायची होती. आणि एका मेलेल्या जपानी अधिकाऱ्याकडे सापडलेले नकाशे वेढ्यातूनच एका अधिकाऱ्याने चोरवाटेने इंफाळला पोचवले. त्यात अख्ख्या चढाईचा आराखडा होता. एवढं होऊन ब्रिगेड कमांडरच्या माथी खापर फोडलं आणि त्याला घरी धाडलं.

---

कडूकारलं

सगळं ठीक, पण एक विचारू का? या फौजेला विसरलो म्हणून वाईट का वाटून घ्यायचं? इंग्रजांचा पगार खाऊन इंग्रजांचं साम्राज्य वाचवायला गेले. समोरच्या बाजूला नेताजींची फौज होती. मणिपुरात मोइरांगला १४ एप्रिल १९४४ ला तिरंगा फडकला. मला तरी त्या बाजूचे जास्त आपले वाटतात.

---

लाल डब्बा

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

---

तोफखाना

कडूकारलं, प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. पण 'त्या बाजूचे' आणि 'या बाजूचे' अशी दोन वेगळी माणसं समजू नका. आझाद हिंद फौजेतले बरेच जण १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापुरात पकडले गेलेले याच भारतीय लष्करातले जवान. तीच रेजिमेंट, कधी कधी तेच गाव. जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे, सँडहर्स्टला शिकलेले, आझाद हिंद फौजेत मेजर जनरल झाले आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सरकारात उपमंत्री.

आणि पगाराचं म्हणाल तर हो, पगारासाठीच. भारतीय लष्कर युद्धात पंचवीस लाखांवर गेलं ते सगळं स्वेच्छाभरतीने. दुष्काळी तालुक्यांतल्या पोराला साम्राज्याचं काय पडलं होतं? घरी मनीऑर्डर जायची. त्यावर जमीन सोडवायची, बहिणीचं लग्न करायचं. जपानी मणिपुरात आले तेव्हा समोरच्याला मारायचं का नाही, हा सवाल त्याच्यासाठी फार सोपा होता.

१४ फेब्रुवारी १९४५ चं न्यौंगूचं बघा. चौदाव्या आर्मीची सातवी भारतीय डिव्हिजन इरावती ओलांडत होती, पात्र हजार यार्डांच्या वर. पलीकडच्या काठावर त्या भागात ढिल्लनच्या हाताखालची आझाद हिंदची रेजिमेंट. होडीतही हिंदुस्थानी, काठावरही. काही जण लढले, पगानकडे काहींनी शरणागती दिली. ढिल्लन आणि सहगल पुढे लाल किल्ल्यातल्या खटल्यात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बाजूने देश पेटला. त्याच हिवाळ्यात चौदाव्या आर्मीतले जवान गाड्या भरभरून घरी येत होते, त्यांच्यासाठी स्टेशनवर कोणी नव्हतं. कुणाला जास्त आपलं म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एकाचं ऐकायचं तर दुसऱ्याचंही ऐका.

---

कडूकारलं

ऐकतोय. पटलं असं नाही, पण न्यौंगूचं माहीत नव्हतं.

---

मीटरगेज

धाग्यात रेल्वे कुठेच नाही हा अन्याय आहे. या फौजेची खरी कथा रुळांवर आहे.

कलकत्त्याहून ब्रॉडगेजने पार्बतीपूर. तिथे सगळा माल हमालांनी उतरवून मीटरगेजच्या डब्यांत. मग आमिनगावला ब्रह्मपुत्रा, पूल नाही, डबे बार्जवर चढवून पलीकडे पांडूला. पुढे दिमापूर. ही लाइन चहाच्या मळ्यांसाठी टाकलेली, युद्धाआधी दिवसाला जेमतेम ६०० टन माल पेलायची. १९४४ च्या मार्चपासून अमेरिकन रेल्वे बटालियन आल्या आणि त्यांनी क्षमता कितीतरी पट वाढवली. आपल्या बाबूंना ते उद्धट वाटले असणार, पण गाड्या धावल्या. दिमापूर ते इंफाळ रस्ता तर १९४२-४३ मध्ये चहाच्या मळ्यांतल्या मजुरांनी डोंगर फोडून रुंद केला. या मजुरांना ना बिल्ला मिळाला ना पेन्शन.

आराकानमध्ये खडी मिळत नाही म्हणून वाटेवर विटभट्ट्या लावल्या आणि विटांचा रस्ता केला. काबाव खोऱ्याकडे तागाच्या पट्ट्या डांबरात बुडवून जमिनीवर अंथरायचे, पावसाचं पाणी खाली मुरू नये म्हणून.

---

तोफखाना

मीटरगेज, अगदी. ताग म्हणजे या फौजेचा प्राण. मालाच्या पॅराशूटांना रेशीम मिळेना, इंग्लंडहून उत्तर आलं की तुमचा नंबर शेवटी. तेव्हा कलकत्त्याच्या तागगिरण्यांना सांगितलं, तागाची छत्री करून द्या. महिन्याभरात झाली. रेशमी छत्री वीस पौंडांच्या वर, ही एका पौंडाच्या आसपास. माणूस उतरवायला ती कोणी वापरली नसती, पण तांदळाच्या पोत्यांना काय फरक पडतो.

कलेवाला चिंदविनवर १९४४ च्या डिसेंबरात ११५४ फुटांचा बेली पूल (सुटे पोलादी भाग जोडून उभारायचा) टाकला, त्या वेळचा जगातला सगळ्यात लांब बेली पूल. तिथेच जंगलातला साग तोडून बार्ज बांधल्या, ओंडके ओढायला हत्ती. स्लिमने दोन छोट्या गनबोटीही बांधवल्या : एकीला माउंटबॅटनच्या मुलीचं नाव पामेला आणि दुसरीला स्वतःच्या मुलीचं, ऊना. म्हणजे पायदळाचा सेनापती असून आरमारही झालं.

---

पाटावरची

खाण्याचं कोणी बोलत नाही! दहा लाखांत हिंदू, मुसलमान, शीख, गोरे, आफ्रिकन. एवढ्यांचं जेवण कसं केलं असेल? आमच्या सोसायटीत तीस जणांच्या गणपतीच्या जेवणावरून भांडणं होतात.

---

तोफखाना

भांडणं तिथेही व्हायची. शिधा वेगवेगळा : कुणाला आटा, कुणाला तांदूळ, डाळ-तूप, शाकाहाऱ्यांना दूध जास्त. डबाबंद मांस गोऱ्यांना चालायचं, आपल्याकडे मोठा भाग त्याला हात लावायचा नाही. म्हणून जिवंत बकऱ्या, त्याही हलाल वेगळ्या, झटक्याच्या वेगळ्या. विमानातून बकरी पाठवायची म्हणजे काय दिव्य असेल. पुढे पुढे भाजीचे मळे आणि बदकं पाळण्याचे उद्योग फौजेनेच काढले.

यातलं मला आवडतं ते असं : आघाडीवरच्या तुकड्या अर्ध्या शिध्यावर गेल्या की स्लिम स्वतःच्या मुख्यालयाला अर्ध्या शिध्यावर ठेवायचा. त्याने काही फार धान्य वाचत नाही, पण बाबू लोक रसदीसाठी धावायला लागतात.

---

काढा

वैद्यकीय बाजू मी घेतो. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे गेलेल्या एका माणसामागे आजारी होऊन गेलेले होते १२०. वाचताना चुकून एखादं शून्य जास्त पडलंय असं वाटतं, पण आकडा तोच आहे. मलेरियाचं प्रमाण वर्षाला फौजेच्या ८४ टक्के. हगवण, कातडीचे रोग, झाडीतला टायफस वेगळे.

उपाय दोन. एक म्हणजे रोग्याला आसाम-बंगालमार्गे महिनाभर मागे पाठवायचं नाही, आघाडीच्या जवळच तंबूत बरा करून तीन आठवड्यांत परत लढायला पाठवायचा. दुसरा मेपाक्रिन. मलेरियावरची पिवळी गोळी, रोज घ्यायची. कातडी पिवळी पडते, कडू लागते, आणि फौजेत अफवा की याने पुरुषत्व जातं. जवान जिभेखाली धरून थुंकायचे. मग अचानक तपासणी सुरू केली : अख्खी तुकडी उभी करून रक्तात औषध आहे का बघायचं. ९५ टक्क्यांच्या खाली निघालं की कमांडिंग ऑफिसर घरी. तीन ऑफिसर काढले, बाकीच्यांना निरोप पोचला. १९४५ पर्यंत आजारपण इतकं उतरलं की जपानी आणि चौदावी आर्मी यांच्यातला एक मोठा फरक हाच राहिला. तोफा-विमानांआधी या गोळीचं नाव घ्यायला हवं असं माझं मत.

---

मीरा_प

कोमिल्ला, १९४३ चा शेवट... म्हणजे बंगालच्या दुष्काळाच्या मधोमध हे मुख्यालय बसलं होतं. रस्त्यावर माणसं मरत होती आणि गोदामात फौजेचं धान्य. याबद्दल काहीच नाही?

---

तोफखाना

आहे, आणि ते सुखाचं नाही. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून १९४२ मध्येच सरकारने बंगालच्या किनारी जिल्ह्यांतल्या मोठ्या होड्या जप्त केल्या, तांदळाचे साठे उचलले. ब्रह्मदेश पडल्यावर तिकडून येणारा तांदूळ थांबला. वर फौजेची आणि कारखान्यांची खरेदी, भाव आकाशाला. तीस लाखांच्या आसपास माणसं मेली असं साधारण मानतात, कोमिल्लाचा टिपेरा जिल्हा वाईट मार खाल्लेल्यांपैकी. ऑक्टोबर १९४३ मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय झाला, त्याने लष्कराला धान्य वाटपाला लावलं, आणि लष्कराचे ट्रक आल्यावर वाटप खरोखर सुधारलं. पण त्याआधीचं वर्ष गेलंच. फौजेतले जवान आपल्या शिध्यातलं काढून द्यायचे याच्या नोंदी आहेत. सरकारच्या हिशेबात फौज आधी आणि गाव नंतर होतं, यात मला शंका नाही.

---

करवीर

जनरल एस. पी. पी. थोरात आमच्या कोल्हापूरकडचे. ब्रह्मदेशात डी.एस.ओ. हे ब्रिटिशांचं लष्करी पदक मिळवलेले. ते चौदाव्या आर्मीतच ना?

---

तोफखाना

इथे गंमत आहे. थोरात जानेवारी १९४५ मध्ये आराकानच्या कांगॉला २/२ पंजाब पलटणीचे कमांडर. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे कमांडर हिंदुस्थानी : थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डी.एस.ओ. थोरातांच्या पलटणीने मेलरोज नावाची टेकडी संगिनी लावून घेतली. पण ही ब्रिगेड ज्यात होती तो पंधरावा कोअर तोवर चौदाव्या आर्मीतून काढून थेट वरच्या कमांडला जोडला होता. म्हणजे १९४४ च्या सुरुवातीला आराकानात लढला तो चौदाव्या आर्मीचा, १९४५ ला त्याच चिखलात लढला तो नाही. मांडवाचे बांबू हलवले, एवढंच. थोरात पुढे ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले आणि चीनबद्दल १९६२ च्या आधीच सावध करत राहिले, ती गोष्ट वेगळ्या धाग्याची.

आणि कोहिमाला धावून गेलेली ब्रिटिश सेकंड डिव्हिजन त्याआधी अहमदनगर-बेळगावकडे सराव करत होती. तिथून निघून देशाच्या दुसऱ्या टोकाला दिमापूर. मीटरगेज, याचा प्रवास तुम्हीच लिहा.

---

सीमाभाग

४/५ आणि ६/५ मराठा त्यानंतर कुठे गेल्या हेही टाका. युद्ध संपलं तरी त्यांचं संपलं नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये २३ व्या डिव्हिजनबरोबर जावात, सुराबायाला. डच परत येणार म्हणून चिडलेल्या इंडोनेशियन तरुणांशी लढायला. ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला तिथे मारला गेला. जपान्यांशी लढून आलेली पोरं दुसऱ्याच्या स्वातंत्र्यलढ्यात गोळ्या खात होती. कडूकारलं यांचा प्रश्न मला इथे जास्त बोचतो.

---

कडूकारलं

+१. हे खरं.

---

लाल डब्बा

रच्याकने, स्लिमचं पुढे काय झालं? इतका मोठा विजय मिळवून सेनापती म्हणून मिरवला असेल.

---

तोफखाना

रंगून पडलं त्याच आठवड्यात त्याचा वरिष्ठ ऑलिव्हर लीज येऊन म्हणाला की मलायाच्या चढाईला दुसरा माणूस नेमतोय, तुम्ही ब्रह्मदेशात मागचं आवरा. फौजेत खळबळ माजली, लंडनहून लीजला खडसावलं, निर्णय फिरवला आणि उन्हाळा संपायच्या आत लीजलाच घरी जावं लागलं. त्याची जागा स्लिमला मिळाली. चौदाव्या आर्मीवर शेवटचे काही महिने डेम्प्सी होता, युरोपातून आलेला.

---

पाटावरची

माझ्या आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत एक पदक आहे, सहा टोकांची चांदणी, फीत निळी, मधे जाड लाल पट्टा आणि दोन्ही निळ्यांत बारीक नारिंगी. ते कधी काही बोलले नाहीत म्हणे. डिस्चार्जचं पुस्तक आहे पण शाई उडालीय. आर.आय.ए.एस.सी. एवढं वाचता येतं. ते यातलेच असतील का? कुठे शोधायचं?

---

तोफखाना

फीत बर्मा स्टारची आहे, म्हणजे त्या आघाडीवर होते. आर.आय.ए.एस.सी. म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर : ट्रक, खेचरं, रसद. वर मीटरगेजने जे सांगितलं त्यातल्या पुढच्या टप्प्यावरची माणसं.

डिस्चार्ज बुकवर सर्व्हिस नंबर असतो, तो आधी काढा. तिरप्या उजेडात धरून मोबाइलने फोटो घ्या, उडालेली शाईही बरेचदा दिसते. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, महायुद्धातल्या जवानांच्या आणि विधवांच्या मानधनामुळे तिथे जुन्या नोंदी असतात. नाव आणि गाव दोन्ही इंग्रजीत कसं लिहिलंय ते बघून न्या, तेव्हाचं स्पेलिंग भलतंच असतं. रंगूनजवळच्या तौक्यानच्या युद्धस्मारकावरची नावं फक्त मृतांची, त्यामुळे तिथे शोधू नका. पुस्तकात कुठे 'जी.पी.टी.' आणि त्याआधी आकडा दिसला तर तो ट्रक कंपनीचा नंबर. तो मिळाला की कंपनी कोणत्या कोअरच्या मागे होती ते काढता येईल. फोटो इथे टाका, नाव झाकून.